भोसरीच्या गॅरेजमध्ये बदललेला इंजिन ब्लॉक : एक अनुभव

माझी २०११ सालची डिझेल एसयूव्ही वरंध घाटात तापून बंद पडली, तेव्हा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील) गेले असावे असे वाटले होते. मात्र भोसरीच्या या गॅरेजमध्ये डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ चहासारखा फेस, म्हणजे ऑइलमध्ये कूलंट मिसळल्याची खूण, दिसली आणि हेड उतरवल्यावर ब्लॉकच्या दोन सिलिंडरांमधल्या भिंतीत केसाएवढी चीर सापडली. बिडाचे वेल्डिंग अशा जागी टिकत नाही, असे सांगून मिस्त्रींनी क्रँक आणि पिस्टन बसवूनच येणारा नवा ब्लॉक, म्हणजेच हाफ इंजिन, सुचवला. खर्च १ लाख ४२ हजार रुपये झाला, म्हणजे गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळपास निम्मा. चॅसी गंजलेली असती तर मी हा व्यवहार केलाच नसता. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) क्रमाने आवळताना त्यांनी मला शेजारी उभे केले आणि गाळाने भरलेला रेडिएटरही बदलायला लावला. तक्रार एकच आहे : इंजिन क्रमांक ब्लॉकवरच कोरलेला असल्याने आरसीवर आरटीओकडून नवी नोंद करून घ्यावी लागते, हे त्यांनी गाडी ताब्यात देताना सांगितले, आणि त्या कागदपत्रांपायी ती आणखी नऊ दिवस दारात उभी राहिली. पहिल्या १,००० किलोमीटरनंतर ऑइल बदलून दिले. कूलंट अजून घटलेले नाही.