ॲक्सोलोटलच्या टाकीचा चिलर: परभणीत आठ महिने वापरल्यानंतर

टाकीचं पाणी गार ठेवणारा चिलर घेताना सगळे हॉर्सपॉवर आणि लिटर बघतात. मागची धूळजाळी कशी निघते हे कुणी बघत नाही. आपल्या भागात आधी तेच बघायला पाहिजे. या एका जाळीपायी मी दहातले पाच गुण कापतोय.

टाकी अडीच फुटी, पाणी १०० लिटर, ॲक्सोलोटल (कायम पाण्यात राहणारा, बाहेर कल्ले असलेला सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर) दोन. चिलर कॉम्प्रेसरचा, १/१० हॉर्सपॉवर, नोव्हेंबरपासून चालू. पेल्टियरच्या, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी विजेच्या चकतीनं गार करणाऱ्या, स्वस्त डब्यांच्या नादी लागू नका. ते खोलीपेक्षा चार-पाच अंश खाली नेतात, आणि मे महिन्यात इथं खोलीच ३६ ला असते. या सॅलमँडरला १६ ते १८ अंश लागतात. २४ च्या वर काही दिवस गेले की खाणं सुटतं, कल्ले पुढं वळतात, बुरशी धरते. नुसता पंखा लावूनही भागत नाही. कोरड्या हवेत पंखा पाणी चांगलं गार करतो, पण ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असली तर कितीही वारा घातला तरी २२-२३ च्या खाली पाणी जाऊच शकत नाही. पावसाळ्यात तर तेवढंही नाही.

आता जाळी. ती चार स्क्रूंनी धरलेली, त्यातले दोन तळाशी. म्हणजे नळ्या सोडा, चिलर आडवा करा, साफ करा. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर येईपर्यंत काही तास उभा ठेवल्याशिवाय चालू करायचा नाही. दहा दिवसांनी करायच्या कामासाठी अर्धा दिवस टाकी बिनगारव्याची. ज्यानं हे डिझाइन केलं त्यानं कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपासचं घर पाहिलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत हवेतला बारीक तंतू जाळीतून आत जातो आणि कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, पट्ट्यांत बसतो. त्यावर उन्हाळ्याची धूळ बसली की नमद्यासारखा घट्ट थर होतो.

मे महिन्यात दुपारी कॉम्प्रेसर पाच मिनिटं चालून ट्रिप व्हायला लागला. सर्व्हिसवाल्यांनी फोनवरच सांगून टाकलं, गॅस गेलाय, पुण्याला पाठवा, ४,८०० रुपये आणि दोन्हीकडचं भाडं तुमचं. पहाटे हाच चिलर व्यवस्थित गार करत होता. गॅस गेला असता तर पहाटेही रडला असता. दुपारीच ट्रिप होतो म्हणजे उष्णता बाहेर पडत नाही. मागचं कव्हर काढून पट्ट्यांच्या उभ्या दिशेनं मऊ ब्रश फिरवला आणि आतून बाहेर ब्लोअर मारला. आडवा ब्रश मारू नका, पट्ट्या दुमडतात. निघालेला थर मूठभर होता. गॅसला कुणी हात लावला नाही, चिलर आजही चालतोय.

कंपनीची जाळी मी कायमची काढून टाकली. भंगारातल्या फ्रिजच्या दाराची चुंबकपट्टी कापून मच्छरदाणीच्या तुकड्याला चारी बाजूंनी शिवली. पत्र्यावर टपकन बसते, ओढली की निघते, नळाखाली धुतली की झालं. खर्च ३० रुपये. हे चिलर बनवणाऱ्यांना का सुचू नये? या जाळीनंतर मी दोन गुण परत देतो.

जाळी तुंबली की नाही हे घड्याळावर कळतं. चिलर निरोगी असला की एक अंश उतरायला पन्नास मिनिटं ते तास लागतो. दीड तासावर गेला की ब्रश काढा. चिलर कपाटात कोंडू नका, मागे एक फूट जागा सोडा. वीज आधी दिवसाला ३ युनिट जायची. मागे, दोन्ही बाजूंना आणि तळाला इंचभर जाड थर्माकोल लावल्यावर पावणेदोनवर आली. व्होल्टेज १८० पर्यंत पडतं तिथं स्टॅबिलायझर पाहिजेच, आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा.

एका बाबतीत माझं मत साफ बदललं. बोअरच्या जड पाण्यानं चिलरच्या नळीत क्षार धरेल अशी भीती होती. गिझरमध्ये धरतो कारण तिथं पाणी तापतं. गार पाण्यात चुना उलट विरघळून राहतो. आठ महिन्यांत नळी स्वच्छ आहे. शिवाय या प्राण्याला जड पाणीच मानवतं. फक्त उडून गेलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानं घाला, नाहीतर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, चढत जातो. नगरपालिकेचं पाणी असेल तर आधी त्यातलं क्लोरीन घालवून घ्या.

टाकीत खडी नको, ती गिळतात आणि आतडं तुंबतं. मिलिमीटरपेक्षा बारीक वाळू धुऊन टाका. लपायला फुटक्या माठाचे अर्धे तुकडे, कडा दगडावर घासून. जावा फर्न आणि अनुबियस या पाणवनस्पती काळ्या दगडाला दोऱ्यानं बांधा, खोड वाळूत पुरलं तर कुजतं. चिलरच्या परतीच्या पाण्याचा जोर स्प्रे बारनं (भोकं पाडलेल्या नळीनं) मोडून काचेकडे वळवा. गार पाण्यात घाण पचवणारे फिल्टरमधले जिवाणू सावकाश वाढतात, म्हणून पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं शून्य येईपर्यंत सहा आठवडे तरी प्राणी आणू नका. गांडूळखताचं लाल गांडूळ देऊ नका, कडू लागतं म्हणून थुंकून टाकतात. काळ्या रानातलं, औषध न मारलेल्या जागेचं द्या. आणि हा प्राणी सायटिसच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी लागते, ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करून घ्या.

लाइट गेली आणि लवकर आली नाही तर पूर्ण टाकीत बर्फाच्या बाटल्या टाकून काही होत नाही. एक लिटरची गोठलेली बाटली १०० लिटर पाणी जेमतेम एक अंश उतरवते. त्यापेक्षा प्राणी थर्माकोलच्या खोक्यातल्या १० लिटरच्या टबात घ्या, टाकीच्याच पाण्यात. तिथं अर्ध्या लिटरची बाटली पाच अंशांपर्यंत उतरवते, म्हणून थर्मामीटर बघत ती मध्येमध्ये बाहेर काढा. टबाला फिल्टर नसतो, पाणी रोज पूर्ण बदला.