पुट्टी आणि सर्व्हरवर पोहोचेपर्यंत हरवणाऱ्या कळा

भिंतीला लावायची पुट्टी हा या परीक्षणाचा विषय नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो. विंडोजच्या संगणकावरून लिनक्सच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांच्या टास्कबारवर दोन छोटे संगणक आणि त्यांच्यामध्ये पिवळी वीज असे जे चिन्ह दिसते, त्या पुट्टीबद्दल, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर आज्ञा टाइप करण्याची खिडकी (टर्मिनल) देणाऱ्या प्रोग्रामबद्दल, मी लिहितो आहे. सायमन टॅटम यांनी लिहिलेला हा प्रोग्राम १९९९ पासून सर्वांसाठी उपलब्ध आहे, एमआयटी परवान्याखाली तो मोफत मिळतो आणि त्याच्या खिडकीचे रूप इतक्या वर्षांत फारसे पालटलेले नाही. त्याची सुरक्षितता, वेग किंवा फाइली पाठवण्याची सोय यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र एकाच कसोटीवर त्याला तपासायचे आहे. येथे दाबलेली कळ पलीकडच्या सर्व्हरवर त्याच अर्थाने पोहोचते का, आणि पोहोचत नसेल तर ती कुठे अडली हे शोधायला पुट्टी मदत करतो का?

हा प्रश्न किती विचित्र रूप घेऊ शकतो ते आमच्या कार्यालयात एकदा पाहायला मिळाले. एका सहकारी बाईंना ग्राहकांच्या पत्त्यांची फाइल एका जुन्या सर्व्हरवर, व्हीआय या संपादकातच (मजकूर लिहिण्याच्या प्रोग्राममध्येच) दुरुस्त करायची होती. त्या हिशेबाच्या कामातून आलेल्या असल्यामुळे आकडे नेहमी उजवीकडच्या नमपॅडवरूनच घालतात. त्यांनी सदाशिव पेठेचा ४११०३० हा पिनकोड टाइप केला आणि पडद्यावर आकडा एकही न उमटता सहा नव्या ओळी तयार झाल्या, प्रत्येक ओळीत इंग्रजीतले एकेकच अक्षर. वरून खाली वाचले तर पी, एस, पी, क्यू, क्यू, टी. “सर, नमलॉक चालू आहे, तरी हे काय येतंय?” असे म्हणत त्यांनी मला बोलावले, तेव्हा व्हायरसची शंका घेण्यापर्यंत शेजारच्या टेबलांवरची चर्चा जाऊन पोहोचली होती.

प्रत्यक्षात पुट्टीने सांगितल्याबरहुकूम काम केले होते. व्हीआय सुरू होताना टर्मिनलला ‘नमपॅड अ‍ॅप्लिकेशन मोडमध्ये टाक’ असा संकेत देतो, आणि डिजिटल कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलपासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे त्या मोडमध्ये नमपॅडवरची १ ही कळ आकडा पाठवत नाही, तर एस्केप, मोठा ओ आणि छोटा क्यू अशी तीन अक्षरे पाठवते. शून्यासाठी शेवटचे अक्षर पी असते आणि नवासाठी वाय. त्या सर्व्हरवरच्या जुन्या व्हीआयला या तिघांचा एकत्रित अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून त्याने ती सुटी सुटी वाचली. एस्केपने टाइप करण्याचा मोड संपवला, मोठ्या ओने वर नवी ओळ उघडली आणि उरलेले अक्षर त्या ओळीत जाऊन बसले. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या वर गेल्यामुळे पिनकोड खालून वर वाचावा लागत होता. पुट्टीच्या सेटिंगमध्ये ‘टर्मिनल’ या शीर्षकाखालच्या ‘फीचर्स’ या पानावर अ‍ॅप्लिकेशन कीपॅड मोड बंद करण्याची चौकट आहे. तिच्यात खूण केली आणि बाई पुन्हा आपल्या वेगाने आकडे टाइप करू लागल्या.

मला पुट्टी आवडतो तो या कारणासाठी. कळफलकाच्या तक्रारींतले बहुतेक उपाय त्याने दोन-तीन पानांवर उघडपणे मांडून ठेवले आहेत, आणि कोणती कळ काय पाठवेल हे त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. अर्थात कोणते बटण फिरवायचे हे कळण्याआधी कळ हरवली कुठे, हे ठरवावे लागते, आणि नेमकी तीच पायरी गाळून लोक सेटिंगमधल्या सगळ्या चौकटींवर एकेक करून टिचक्या मारत बसतात. कळेचा प्रवास लांबचा असतो. ती आधी विंडोजच्या हाती लागते, मग पुट्टीच्या. तिथून एसएसएच ही सुरक्षित जोडणी तिला न उघडलेल्या पाकिटासारखी पलीकडे नेऊन देते. पलीकडे सर्व्हरचा टर्मिनल ड्रायव्हर (आलेल्या कळा आधी हाताळणारा भाग), असल्यास टीमक्स किंवा स्क्रीन हे एकाच जोडणीत अनेक टर्मिनले चालवणारे प्रोग्राम, आणि सर्वांत शेवटी शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) किंवा संपादक तिचा अर्थ लावतो. सर्व्हरवर ‘कॅट -व्ही’ ही आज्ञा चालवून हवी ती कळ दाबली की तिचा अर्थ न लावता तिने पाठवलेली अक्षरे जशीच्या तशी दिसतात. कळ दाबूनही काहीच उमटले नाही तर ती बहुधा विंडोजने, लॅपटॉपच्या एफएन कळेने किंवा पुट्टीच्या खिडकीने गिळलेली असते, किंवा सर्व्हरच्या ड्रायव्हरने स्वतःसाठी ठेवून घेतलेली असते. काहीतरी उमटले पण संपादकाला ते समजत नाही, तर भांडण भाषेचे आहे. टीमक्सच्या बाहेर आणि आत अशी दोनदा ही चाचणी केली की निम्मे संशयित तिथेच सुटतात.

भाषेचे भांडण सर्वांत जुने आहे ते बॅकस्पेसचे. ती कळ दाबल्यावर अक्षर पुसले जाण्याऐवजी ‘^?’ किंवा ‘^एच’ अशी चिन्हे उमटण्याचा अनुभव ज्याने घेतला नाही, असा सर्व्हर सांभाळणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. पुसण्याचा संकेत ८ मानायचा की १२७, यावर टर्मिनल बनवणाऱ्यांचे कधीच एकमत झाले नाही. (१२७ म्हणजे कागदी फितीवरची सातही भोके पाडलेली अवस्था, चुकलेले अक्षर खोडण्याचा तो त्या काळचा उपाय होता.) पुट्टी मुळात १२७ पाठवतो, ‘कीबोर्ड’ या पानावर तो बदलता येतो, आणि जोडणी होतानाच आपली निवड सर्व्हरला कळवतो. गोम अशी की सत्र चालू असताना ही निवड बदलली तर नवी निवड सर्व्हरला कळत नाही. मग टर्मिनलची सेटिंग बदलणाऱ्या ‘एसटीटीवाय’ आज्ञेने त्याला आपण स्वतः सांगावे लागते किंवा नव्याने लॉगिन करावे लागते. एखाद्याच सर्व्हरवर अडल्यास सेटिंगला हातही लावण्याची गरज नाही, कारण शिफ्ट धरून बॅकस्पेस दाबले की पुट्टी दुसरा संकेत पाठवतो. ही सोय मला फार उशिरा कळली, आणि तोवर मी कितीतरी चुकीच्या आज्ञा कंट्रोल+यूने अख्ख्या पुसून पुन्हा टाइप केल्या होत्या.

आता दोष, आणि तो किरकोळ नाही. पुट्टी सर्व्हरला आपले नाव ‘एक्सटर्म’ (युनिक्सवरचा एक जुना टर्मिनल-प्रोग्राम) असे सांगतो, परंतु त्याच्या फंक्शन कळा सुरुवातीच्या सेटिंगमध्ये एक्सटर्मसारख्या वागत नाहीत. एफ-१ दाबल्यावर तो ‘^[[11~’ या साच्यातला संकेत पाठवतो, जो डिजिटलच्या टर्मिनलांच्या परंपरेतला आहे, एक्सटर्मकडून मात्र सर्व्हरची एस्केप, मोठा ओ, मोठा पी अशी अपेक्षा असते. एफ-५ पासून पुढे दोघांचे जुळते. त्यामुळे या बिघाडाची एक ठळक खूण आहे: एफ-५ ते एफ-१२ सुरळीत चालतात आणि पहिल्या चारच कळा मुक्या असतात किंवा भलतेच काही टाइप करतात. ज्याला ही खूण माहीत नाही तो कळफलक बदलून पाहतो. मी पाहिला आहे. उपाय दोन आहेत. ‘कीबोर्ड’ पानावर फंक्शन कळांसाठी ‘एक्सटर्म आर-६’ निवडावे, म्हणजे पहिल्या चार कळा नावाला जागतात. किंवा ‘कनेक्शन’खालच्या ‘डेटा’ पानावर टर्मिनलचे नाव ‘एक्सटर्म’ऐवजी ‘पुट्टी’ असे लिहावे. दुसरा उपाय अधिक प्रामाणिक असला तरी त्या नावाची नोंद सर्व्हरवर असावी लागते, आणि डेबियन या लिनक्सवर ती ‘एनकर्सेस-टर्म’ हे पॅकेज घातल्यावरच मिळते; नोंद नसेल तर संपादक टर्मिनल ओळखत नसल्याची तक्रार करतात. दुसऱ्याच्या सर्व्हरवर पॅकेज घालण्याची मुभा आपल्याला नसते, म्हणून मी पहिलाच उपाय सुचवतो. नाव एक आणि वागणूक दुसरी, ही सुरुवातीची मांडणी इतकी वर्षे का जपली गेली असावी हे मी समजू शकतो, कारण जुन्या लोकांच्या सवयी मोडायच्या नसतात. पण नवख्याचा पहिला आठवडा त्यात जातो.

बाणांच्या कळांचेही थोडेसे असेच आहे. कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबल्यावर शब्दाशब्दाने उडी मारण्याची सवय असणाऱ्यांनी नव्या आवृत्तीत ‘कीबोर्ड’ पानावर ‘एक्सटर्म-स्टाइल बिटमॅप’ हा पर्याय निवडावा; एरवी शिफ्ट आणि ऑल्ट यांचा बाणांवर काही परिणामच होत नाही.

काही तक्रारींत मात्र पुट्टीचा काडीचाही संबंध नसतो. वर्डमधल्या सवयीने संपादकात कंट्रोल+एस दाबले आणि पडदा गोठला, की खिडकी बंद करून पुन्हा जोडणी करणारे लोक मी रोज पाहतो. तो संकेत सर्व्हरच्या ड्रायव्हरने ‘थांब’ असा वाचलेला असतो. कंट्रोल+क्यू दाबले की थोपवलेले सारे एकदम पुढे येते. ही टेलिटाइप यंत्रांच्या काळातली शिस्त नको असेल तर ‘एसटीटीवाय -इक्सॉन’ ही आज्ञा शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत लिहून ठेवावी. तसेच कंट्रोल+आय आणि टॅब, कंट्रोल+एम आणि एंटर, कंट्रोल+उघडता चौकटी कंस आणि एस्केप या जोड्या सर्व्हरच्या दृष्टीने एकच आहेत, कारण कंट्रोल धरल्याने अक्षराच्या संकेतातले वरचे बिट तेवढे गळून पडतात. त्यामुळे कंट्रोल+शिफ्ट+एखादे अक्षर असा वेगळा शॉर्टकट विममध्ये (व्हीआयच्या सुधारित रूपात) बांधायचा हट्ट धरला तर पुट्टी तो पुरवू शकत नाही. ऑल्टचेही स्वतंत्र अस्तित्व नाही: ऑल्ट+बी म्हणजे एस्केप आणि लगेच बी. टीमक्सच्या जुन्या आवृत्त्या एस्केपनंतर ५०० मिलिसेकंद वाट पाहतात, म्हणून विममध्ये एस्केप दाबून घाईने पुढची कळ दाबणाऱ्याची आज्ञा बिघडते. टीमक्सच्या सेटिंगमध्ये ‘एस्केप-टाइम’ दहावर आणले की ही कटकट संपते.

पुट्टीची खरी किंमत मला ब्राउझरमधले टर्मिनल वापरताना कळली. एका क्लाउड सेवेच्या वेबपानावरच उघडणाऱ्या टर्मिनलमध्ये मी एक लांबलचक आज्ञा लिहीत होतो, शेवटचा शब्द चुकला म्हणून बोटांनी आपोआप कंट्रोल+डब्ल्यू दाबले, आणि शब्द पुसला जाण्याऐवजी ब्राउझरचा टॅबच बंद झाला. विंडोज टर्मिनल हा आजचा देखणा पर्याय आहे, टॅब आणि रंग यांत पुट्टी त्याच्या जवळपासही येत नाही; परंतु त्यात कंट्रोल+व्ही मुळात पेस्टसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे विममधली उभा ठोकळा निवडण्याची कळ पलीकडे जात नाही, आणि पेस्टची ती नेमणूक सेटिंगमधून काढून टाकावी लागते किंवा विममध्ये कंट्रोल+क्यूवर भागवावे लागते. पुट्टी पेस्टसाठी शिफ्ट+इन्सर्ट आणि माउसचे उजवे बटण वापरतो, कंट्रोल+अक्षर अशा कळा पलीकडच्यासाठी मोकळ्या सोडतो. ऑल्ट+एफ-४ ने खिडकी बंद होणे मात्र तो स्वतःकडे ठेवतो, आणि तेही ‘विंडो’खालच्या ‘बिहेवियर’ पानावरून बंद करता येते.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक वेगळा सापळा आहे. ईमेल लिहिता लिहिता इनस्क्रिप्ट कळफलक चालू राहिला आणि तसेच पुट्टीत येऊन विम उघडले, तर खाली जाण्यासाठी दाबलेली जे ही कळ ‘र’ पाठवते, ओळ खोडण्यासाठी दोनदा दाबलेली डी नुसते हलंत पाठवते, आणि बाहेर पडण्यासाठी लागणाऱ्या अपूर्णविरामाच्या जागी ‘छ’ येतो. बाहेर पडता येत नाही म्हणून घाबरण्यापूर्वी टास्कबारच्या कोपऱ्यात भाषा पाहावी. रुपयाचे चिन्ह हवे असेल तर विंडोजचा ‘इंग्लिश (इंडिया)’ कळफलक निवडून उजवा ऑल्ट आणि ४ दाबावे. कंट्रोल आणि डावा ऑल्ट एकत्र धरून ते येत नाही, कारण पुट्टी त्या जोडीला मुळातच वेगळे मानतो. देवनागरी मजकूर सुबक दिसण्याची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नये. समान रुंदीच्या चौकटींत जोडाक्षरे सुखाने नांदत नाहीत.

आणि एक वैताग शेवटपर्यंत सुटलेला नाही. सेटिंग बदलून ‘ओपन’ दाबले की ते त्या सत्रापुरतेच टिकते; कायम राहावे म्हणून आधी ‘सेशन’ पानावर परत जायचे, नाव निवडून ‘लोड’ करायचे, बदल करायचा, पुन्हा त्याच पानावर येऊन ‘सेव्ह’ दाबायचे. ‘डिफॉल्ट सेटिंग्ज’मध्ये केलेला बदल आधी जतन केलेल्या सत्रांना लागू होत नाही, त्यामुळे माझ्याकडच्या वीस-बावीस सर्व्हरांसाठी ‘एक्सटर्म आर-६’ची निवड मला तितक्याच वेळा करावी लागली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिला सर्व्हर जोडण्यापूर्वीच ‘डिफॉल्ट सेटिंग्ज’ लोड करून त्यात फंक्शन कळा, बाण आणि नमपॅड ही तीन ठिकाणे नीट करावीत आणि मगच एकेक सत्र जतन करत जावे.