गणिताचे व्हिडिओ: कागद, टॅब की फळा?

नाशिकमध्ये दहावीचं गणित शिकवता आणि व्हिडिओ करायचं मनात आहे, तर आधी साधन ठरवावं लागतं. माझं मत आधीच सांगते: बीजगणिताला टॅब, भौमितिक रचनांना कागद. फळा अगदीच नाइलाज असेल तर.

फळ्याची सवय असते, एवढाच त्याचा फायदा. लिहिताना आपण समीकरणाच्या आड येतो, रिकाम्या वर्गात आवाज घुमतो, आणि सुरगाण्यात किंवा पेठला कमी रेंजवर मोबाईलमध्ये बघणाऱ्या मुलीला एक्सच्या डोक्यावरचा छोटा २ दिसतच नाही.

टॅबवर पेनने लिहून स्क्रीन रेकॉर्ड केली की सावलीचा प्रश्न मिटतो, हातही मध्ये येत नाही. वर्गसमीकरण सोडवताना बदललेलं पद तेवढं लाल करता येतं. स्क्रीन नसलेला पेन टॅबलेट स्वस्त पडतो खरा, पण हात टेबलावर आणि नजर संगणकावर, त्यामुळे सुरुवातीला अक्षर वेडंवाकडं येतं. सरावाची तयारी असेल तरच तो घ्या.

कागदाला मात्र कमी लेखू नका. कंपासचं टोक कुठे टेकवलं, अंतर किती घेतलं, कंस कुठे छेदले, हे खऱ्या कंपासनेच नीट कळतं. परीक्षेतही मुलांच्या हातात तोच असतो. मोबाईल स्टँडला लावून कागदाच्या बरोबर वर आणि कागदाला समांतर ठेवायचा. एम. जी. रोडला असे स्टँड मिळतात. मोबाईल जरा तिरका झाला की वर्तुळ लंबवर्तुळासारखं दिसतं, काटकोनही काटकोन दिसत नाही. भूमितीच्या व्हिडिओत हे चालवून घेऊच नये! उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडे. फोकस आणि प्रकाश स्क्रीनवर बोट दाबून लॉक करा, नाहीतर हात आत-बाहेर होईल तसा कागद कधी पांढरा, कधी राखाडी दिसतो.

एका जागी टॅब आणि कागद दोन्ही तोकडे पडतात. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले कोन एकरूप असतात, हे जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवा. शिरोबिंदू कंसावरून सरकवत न्यायचा. कोनाचं माप तेच राहतं. हे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला मग सिद्धता वाचावीशी वाटते.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर टॅबआधी कॉलर माईक घ्या आणि मोबाईल-कागदावर सुरुवात करा. रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवा.