अल्फाफोल्ड सर्व्हर: प्रोटीनचे पिंजरे तपासायला कितपत चालतो?

पुसद, ब्रह्मपुरीसारख्या गावी एमएस्सी करणाऱ्याच्या कॉलेजात जीपीयू (जड हिशोबाची संगणक चिप) नसतो. त्याच्यासाठी अल्फाफोल्ड सर्व्हर ही गूगल डीपमाइंडची फुकट सेवा कामाची आहे: प्रोटीनचा सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) दिला की ती त्याच्या त्रिमितीय रचनेचा अंदाज देते. पिंजरा म्हणजे अनेक चेन (प्रोटीनच्या साखळ्या) जुळून झालेली पोकळ रचना. गूगल खातं हवं, वापर बिगरव्यावसायिक हवा. हिशोब गूगलच्या संगणकांवर होतो, म्हणून जॉब टाकल्यावर इकडे लाइन गेली तरी बिघडत नाही.

सुरुवात फेरिटिनपासून करा; हा लोह साठवणारा, 24 चेनचा पिंजरा आहे. युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसवरून पी02794 या क्रमांकाचा सिक्वेन्स घ्या आणि कॉपीच्या रकान्यात 24 टाका. चेन 183 अमिनो आम्लांची, दर आम्लाला एक टोकन (सर्व्हरचं मोजणीचं एकक), म्हणजे 4,392. एका जॉबची मर्यादा 5,000 ची, त्यामुळे अख्खा पिंजरा बसतो. आय53-50 हा डिझाइन केलेला पिंजरा 120 सबयुनिटचा, म्हणजे चेनचा (तीन-तीन ए चेनचे 20 ट्रायमर, पाच-पाच बी चेनचे 12 पेंटामर), तो एका जॉबमध्ये मावत नाही. तिथे तीन ए आणि पाच बी चेन देऊन फक्त सांधा (चेन एकमेकींना जुळतात ती जागा) तपासायचा.

निकालात आयपीटीएम (चेनच्या एकमेकींशी जुळणीवर मॉडेलचा भरवसा, 0 ते 1) 0.8 च्या वर असेल तर ठीक, 0.6 च्या खाली बहुधा फसलं. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पीएईच्या (जागेच्या अंदाजातली संभाव्य चूक) चित्रात दोन चेनमधला चौकोन गडद हिरवा हवा. फिका असेल तर त्या चेन एकमेकींच्या कुठल्या बाजूला बसतात याची मॉडेललाच खात्री नाही.

खरी गोम पुढे आहे. कॉपी किती, हे तुम्ही सांगता. 24 ऐवजी 20 टाकल्या तरी सर्व्हर हटकत नाही, 20 चेनची काहीतरी रचना देतोच. सांध्यावर ल्युसिनच्या जागी आर्जिनिन घातलं तर प्रत्यक्षात जोडणी मोडू शकते, चित्र मात्र बरेचदा जसंच्या तसं येतं. शिवाय फेरिटिनच्या रचना मॉडेलने प्रशिक्षणातच पाहिल्या आहेत. तिथे छान आकडा आला म्हणून तुमच्या नव्या सांध्याची हमी मिळत नाही. ई. कोलाय या जिवाणूत बनवलं तर ते प्रोटीन विरघळलेलं मिळेल की गठ्ठा होऊन बसेल, तेही इथे कळत नाही.

नवा सांधा घडवणं हे याचं काम नव्हे. त्यासाठी डेव्हिड बेकर (रसायनशास्त्राचं नोबेल, 2024) यांच्या प्रयोगशाळेचे आरएफडिफ्यूजन आणि प्रोटीनएमपीएनएन हे प्रोटीन घडवणारे प्रोग्रॅम आहेत. सर्व्हर त्यांच्या उत्तरांची चाळणी म्हणून वापरावा.

आकडे आधी पानावरच पाहा. झिपमध्ये पाच मॉडेल येतात आणि 24 चेनच्या पीएई फायली मोबाइलचा डेटा खातात. रचना कायमेराएक्स या रचना बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. जॉबच्या नावातच कॉपींची संख्या लिहा, नाहीतर यादीत सगळी फेरिटिनं सारखीच दिसतात.