एनसीडीयू, सात महिन्यांच्या वापरानंतर: गच्च भरलेली डिस्क आणि ते पाच टक्के

एनसीडीयू म्हणजे डिस्कवर कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली आहे ते दाखवणारा लिनक्सवरचा छोटा प्रोग्राम. त्याची माझी गाठ अशी पडली. फेब्रुवारीत एका सकाळी माझा उबुंटूचा (लिनक्सचाच एक प्रकार) लॅपटॉप पासवर्ड घ्यायचा, क्षणभर काळा व्हायचा आणि पुन्हा पासवर्डच मागायचा. संध्याकाळपर्यंत एका पुस्तकाची पानं छापखान्यात पोचवायची होती. दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला: "एसएसडी गेली. नवी टाका, साडेचार हजार होतील." ती एसएसडी, म्हणजे लॅपटॉपची डिस्क, किती भरली आहे हे त्याने बघितलंसुद्धा नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

लॅपटॉप घरी आणला, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं. नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर लॉगिन झालं. 'डीएफ -एच' ही डिस्कची जागा दाखवणारी आज्ञा मारली तर मुख्य डिस्कची ओळ अशी: आकार २३४ जीबी, वापर २२२, शिल्लक ०, शंभर टक्के. एसएसडी ठणठणीत होती, नुसती तुडुंब भरली होती.

पण २३४ वजा २२२ म्हणजे १२. हे बारा जीबी कुठे गेले? पैसे मोजून घेतलेली जागा मला शून्य दाखवतेय, हे डोक्यातून जाईना. मग कळलं की ईएक्सटी४ फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडण्याची लिनक्सची पद्धत) तयार होतानाच पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यासाठी, राखून ठेवते. त्या दिवशी मला ती सरळ लूट वाटली.

मोठ्या फायली शोधायला आधी 'डीयू -एसएच *' ही फोल्डरांचे आकार मोजणारी आज्ञा वापरून पाहिली. एका फोल्डरमधून दुसऱ्यात, परत मागे, परत आकडे. शिवाय त्या ताऱ्यात टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर येतच नाहीत. शेवटी फोन यूएसबीने जोडून नेट घेतलं आणि 'सुडो एपीटी इन्स्टॉल एनसीडीयू' केलं. 'सुडो एनसीडीयू -एक्स /' चालवलं. -एक्समुळे तो त्याच डिस्कपुरता राहतो, दुसऱ्या डिस्कमध्ये शिरत नाही. थोड्या वेळात यादी आली, सगळ्यात मोठं सगळ्यात वर. आत आत शिरत गेलो तर:

५७.२ जीआयबी [##########] सिसलॉग

सिस्टिमच्या नोंदी साठवणाऱ्या '/व्हार/लॉग' फोल्डरमध्ये सिसलॉग ही एकच फाइल, ५७ जीबीची. स्कॅनरचा एक जुना प्रोग्राम तीच ती चूक रात्रंदिवस लिहीत बसला होता. पुसायला डी दाबलं, हो म्हटलं, फाइल गेली. एनसीडीयूची बेरीज उतरली, डीएफ मात्र अजून शून्यावरच.

इथे माझा बराच वेळ गेला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. डीएफ आणि डीयू दोघेही १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासूनचे, पण काम वेगळं. डीएफ फाइल सिस्टिमला तिचा हिशेब विचारतो, म्हणजे पासबुक बघण्यासारखं. डीयू आणि एनसीडीयू एकेका फोल्डरमध्ये जाऊन नोटा मोजतात. उघडी असलेली फाइल पुसली की तिचं नाव जातं, म्हणून मोजणाऱ्याला ती दिसत नाही; पण ज्या प्रोग्रामने ती धरून ठेवली आहे तो सोडत नाही तोवर जागा अडकलेलीच राहते. अशा फायली दाखवणारी 'सुडो एलएसओएफ +एल१' मारल्यावर नोंदी लिहिणारा प्रोग्राम आरसिसलॉग ती पुसलेली फाइल धरून बसलेला दिसला. तो रीस्टार्ट केला आणि शिल्लक ५७ जीबी. आता अशी फाइल मी पुसत नाही, 'ट्रंकेट -एस ०'ने रिकामी करतो. त्या स्कॅनर प्रोग्रामला अर्थात निरोप दिला. पानं संध्याकाळी सातला पोचली.

त्या पाच टक्क्यांबद्दलचं मत मात्र महिन्याभराने बदललं. शून्य जागा असताना एपीटीने एनसीडीयू बसवलं कसं? सुडोने चालवलं, म्हणजे रूट म्हणून, आणि रूटसाठी ते बारा जीबी मोकळे होते. ज्याला लूट म्हणत होतो त्यानेच साडेचार हजार वाचवले. मुख्य डिस्कवर त्या राखीव जागेला आता मी हात लावणार नाही.

एक टीबीच्या दुसऱ्या डिस्कची गोष्ट निराळी. तिच्यावर फक्त फोटो आणि रेकॉर्डिंग, कुठलीही सिस्टिम तिच्यावरून चालत नाही. डीएफमध्ये तिचा आकार ९१६ जीबी, आणि त्यातले ४६ जीबी रूटच्या नावावर. तिथे रूटला ४६ जीबी कशाला लागतात? राखीव जागा शून्यावर आणायला 'सुडो ट्यून२एफएस -एम ०' आणि पुढे डिस्कच्या त्या विभाजनाचं (पार्टिशनचं) नाव दिलं. काहीही न पुसता सगळे ४६ हातात आले. डेटाच्या डिस्कवर ही राखीव जागा पहिल्याच दिवशी मोकळी करा, हे मी भेटेल त्याला सांगतो.

एनसीडीयूत खटकणारी गोष्ट एकच, पण मोठी: डी दाबून पुसलेलं कचरापेटीत जात नाही, कायमचं जातं. एप्रिलमध्ये यादीत खाली जाताना खुणेची पट्टी आईच्या ओव्यांच्या फोल्डरवर होती आणि माझं बोट डीवर पडलं. विचारणा आली म्हणून वाचलं. आई आता नाही, तो आवाज पुन्हा मिळणार नव्हता. तेव्हापासून मी 'एनसीडीयू -आर'च चालवतो. त्यात पुसताच येत नाही. ठरवून पुसायचं ते नंतर वेगळं, नाव वाचून.

मोठ्या डिस्कवर लाखभर फोटो आहेत, ती आत तबकडी फिरणारी असल्याने मोजायला कित्येक मिनिटं लागतात. म्हणून महिन्यातून एकदा -ओ देऊन निकाल फाइलीत साठवतो आणि नंतर -एफने उघडतो, पुन्हा मोजावं लागत नाही.

नवी डिस्क अजून घेतलेली नाही. ओव्यांच्या आठ कॅसेट उतरवायच्या राहिल्या आहेत. वेव्ह स्वरूपात अर्ध्या तासाची एक बाजू साधारण ३०० एमबी होते. सुटलेल्या ४६ जीबीत अशा दीडशे बाजू मावतील, मला सोळाच हव्यात. पहिली कॅसेट काल रात्री उतरवली.