गाईच्या हाडांचा फायबर सेट: नावं शिकायला बरा, वय काढायला नाही

जनावरांच्या दवाखान्यात नव्या पोरांना शिकवायला हा सेट ऑनलाइन मागवला, सध्या तोच वापरायलोत. हलका आहे, धुता येतो, फऱ्यापासून खुरापर्यंत हाडांचा आकार चांगला उतरलाय, पॅकिंग पण मजबूत. पण जाहिरातीत "वय ओळखण्यासाठी उपयुक्त" लिहिलंय ते पटत नाही, कारण सगळी हाडं पूर्ण वाढलेल्या जनावराची आहेत अन् हाडावरनं वय तर ते वाढत असताना त्याच्या टोकांवरच कळतं.

वासरात हाडाचं टोक अन् मधला दांडा यांच्यामध्ये कूर्चेची पट्टी असते, ती ठरलेल्या क्रमानं भरून येते अन् टोक दांड्याला जुळतं. ह्युमरसचं (पुढच्या पायाचं फऱ्याखालचं हाड) खालचं टोक साधारण १२ ते १८ महिन्यांत जुळतं, मेटाकार्पल (पुढच्या पायाची गुडघ्याखालची नळी) अन् टिबियाचं (मागच्या पायाचं मांडीखालचं हाड) खालचं टोक दोन ते अडीच वर्षांत, आणि ह्युमरसचं वरचं, रेडियस (ह्युमरसच्या खालचं हाड) अन् फीमरचं (मांडीचं हाड) खालचं टोक साडेतीन ते चार वर्षांपर्यंत थांबतं. म्हणजे टिबिया खाली जुळलेली पण ह्युमरस वर सुटा, तर जनावर दोनच्या पुढं अन् चारच्या आत. विम्याच्या कागदावर सात वर्षांची गाय अन् पुरलेल्या हाडांत फीमरची टोकं सुटी, तर ती गाय ही नाही हे ठासून सांगता येतं. उलट सगळं जुळलेलं असलं तर हाड एवढंच सांगतं की चारच्या पुढची, मग सहा का दहा ते दातांच्या झिजेवर बघायचं. बडवलेल्या (खच्ची केलेल्या) गोऱ्ह्यात अन् चाऱ्याचे हाल झालेल्या जनावरात टोकं उशिरा जुळतात, म्हणून रिपोर्टात एकच आकडा लिहू नका, कोर्टात वकील त्यालाच धरतो.

दुसरी गोष्ट, शिवारात सापडलेल्या हाडांची टोकं बऱ्याचदा कुत्र्यांनी खाल्लेली असतात. मुळात न जुळलेल्या टोकाचा पृष्ठभाग खडबडीत, लाटांसारखा पण अखंड असतो, चावलेल्यावर दातांच्या खुणा अन् आतलं जाळीदार हाड उघडं दिसतं. हा फरक खरं हाड हातात घेतल्याशिवाय डोळ्यात बसत नाही आणि फायबरमध्ये तो दाखवलेलाच नाही.

जबड्याचं पण तेच. आदत (दुधाचेच दात), दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला (आठही पक्के दात आलेला) हे माळेगावच्या जनावरांच्या यात्रेत कुणीबी शेतकरी तोंड उघडून सांगतो, पहिली जोडी दोन वर्षांच्या आसपास अन् चौथी साडेतीन-चारला. पण मातीतून निघालेल्या जबड्यातले पुढचे दात गळून गेलेले असतात, तिथं रिकाम्या खोबण्या अन् दाढाच वाचाव्या लागतात. सेटमध्ये आठही दात पांढरेशुभ्र, झीज नावाला नाही.

विक्रेत्याला वासराचा सेट आहे का विचारलं, नाही म्हणाले. परभणी-उदगीरच्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची तयारी करणाऱ्यांना घ्यायला हरकत नाही. पंचनाम्याला जाणाऱ्यांनी मात्र हे पैसे वाचवावेत, अन् वय माहीत असलेलं, कानात बिल्ला असलेलं जनावर मेलं की मालकाला विचारून पायाची हाडं पुरून साफ करून ठेवावीत, वर वय अन् जात लिहून, देवणी वेगळी, लाल कंधारी वेगळी. पाचपैकी दोन स्टार.