लांब वैद्यकीय संज्ञा: मुळांनी फोडाव्यात की उच्चाराने?

इंदूरच्या महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या मराठी घरांतील मुलामुलींना ग्रीक संज्ञा दोन रीतींनी फोडता येतात. मुळांनुसार ‘ऑर्थॉप्निया’ म्हणजे ‘ऑर्थो’, सरळ किंवा ताठ, आणि ‘प्निया’, श्वसन. आडवे होताच धाप लागणारा रुग्ण उठून बसल्यावर सुखावतो, हे लक्षण शब्दातच सापडते. अर्थासाठी याहून चांगली रीत नाही.

उच्चार मात्र ही सीमा पाळत नाही. बोलताना ‘ऑर्-थॉप्-नि-या’ असे तुकडे पडतात, म्हणजे दुसऱ्या मुळातला ‘प’ पहिल्या मुळाच्या शेवटच्या अवयवाला (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला) चिकटतो आणि म्हणूनच ऐकू येतो. त्याच कुळातल्या ‘न्यूमोथोरॅक्स’मध्ये (फुफ्फुसाभोवती हवा साठणे) तो शब्दारंभी असल्याने इंग्रजी उच्चारात गळतो. ‘इलेक्ट्रो-कार्डिओ-ग्राफी’ अशी मुळे वाचणाऱ्याची जीभही हमखास चुकीच्या जागी थांबते, कारण आघात, म्हणजे उच्चारातला जोर, ‘ऑग्’वर येतो: ‘कार्-डि-ऑग्-र-फी’.

देवनागरीत अवयव सहज दाखवता येतात, आघात मात्र दिसत नाही. तो अधोरेखित करावा. माझ्या मते आधी मुळे ओळखावीत आणि मोठ्याने म्हणताना उच्चाराचीच फोड वापरावी.